नालबंद, मिस्त्री आणि माझी बुलेट

'पंक्चरवाला' हा शब्द गेल्या काही वर्षांत शिवीसारखा वापरला जातो. समाजमाध्यमांवर मुसलमान नाव दिसलं की कुणीतरी तो फेकतोच. त्यावर आपल्यातले शिकलेले लोक दोन प्रकारे वागतात. काही जण आपले डॉक्टर, इंजिनिअर आणि सनदी अधिकारी मोजून दाखवतात. काही जण मान खाली घालून गप्प बसतात. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट मान्य केलेली असते, ती म्हणजे पंक्चर काढणं हे हलकं काम आहे. मला ही मान्यताच तपासून बघायची आहे. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल, आणि तो मी माझ्या मोटारसायकलवर बसून सांगणार आहे.

मी प्रकाशाला राहतो. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे गाव 'दक्षिण काशी' म्हणून ओळखलं जातं. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याने इथलं पांढरीचं टेकाड खोदलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. म्हणजे या घाटावरून माणसं काही हजार वर्षं ये-जा करत आहेत. आजही बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता इथूनच जातो. पूर्वेला शहादा, शिरपूर, चोपडा, रावेर करत बऱ्हाणपूर. पश्चिमेला तळोदा, अक्कलकुवा आणि पुढे गुजरात. उत्तरेला सातपुडा आणि तोरणमाळचा घाट. माझ्याकडे २०१४ सालची साडेतीनशे सीसीची बुलेट आहे. शाळेला सुट्टी लागली की मी यातला एक रस्ता धरतो.

यातला बऱ्हाणपूरचा रस्ता मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्याला इतिहास आहे. मुघल काळात सुरत हे बंदर होतं आणि बऱ्हाणपूर हे दख्खनचं दार. त्या दोघांमधली वाहतूक खानदेशातून चाले. विल्यम फिंच हा इंग्रज १६१० मध्ये या वाटेने गेला. त्याच्या टिपणात व्यारा, नंदुरबार, सिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर ही गावं ओळीने येतात. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो याच बाजूने बऱ्हाणपूरला शहजादा परवेजच्या भेटीला गेला. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातलं एक सरकार म्हणून नोंदलेलं आहे. थाळनेरला तापीकाठी फारुकी सुलतानांच्या कबरी आजही उभ्या आहेत. शिरपूरकडे जाताना वाट थोडी वाकडी केली की बघता येतात.

या प्रवासाच्या वर्णनांत वकील येतात, शहजादे येतात, व्यापारी येतात. नालबंद मात्र येत नाही. घोड्याचे खूर वाढत राहतात, म्हणून दीड-दोन महिन्यांनी जुने नाल काढून, खूर तासून नवे ठोकावे लागतात. खिळा खुराच्या निर्जीव भागातून बाहेर निघाला तर ठीक. आत जिवंत भागात गेला तर घोडा लंगडा झाला आणि स्वार जागेवर थांबला. म्हणजे त्या वेळचा अख्खा व्यापार, डाक आणि लष्कर एका माणसाच्या हाताच्या अंदाजावर चालत होतं. 'नाल' अरबी, 'बंद' फारसी. महाराष्ट्रात नालबंद हे मुसलमानांमधलं आडनाव आजही आहे. आमच्याच तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. अनेक राज्यांतून घोडे येतात, आणि तिथे आजही बाजारात मोल होतं ते आधी पाय उचलून खूर बघितल्यावर.

माझा पेशा उर्दू आणि मराठी शिकवण्याचा, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातं. मराठेशाहीत दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. हा शब्द 'सिलाहदार', म्हणजे हत्यारबंद, यावरून आला. बारगीराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा मेला तर नुकसान त्याचं स्वतःचं, म्हणून तो घोड्याला जिवापाड जपे. आज हप्त्यावर मोटारसायकल घेतलेला मुलगा मला बारगीर वाटतो. आरसी बुकावर बँकेचा बोजा चढलेला असतो. कर्ज फिटल्यावर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन तो बोजा उतरवून घ्यावा लागतो. कित्येक जण हप्ते संपवतात आणि हे काम करायचं विसरतात. गाडी विकायची वेळ आली की मग धावाधाव. शिलेदार व्हायचं असेल तर ते कागदावरही व्हा.

'खोगीर' हा शब्दही फारसीतून आला. मूळ अर्थ घाम शोषणारा, म्हणजे जिनाखालचा जाड थर. त्यात मिळेल त्या चिंध्या कोंबत, म्हणून मराठीत 'खोगीरभरती' आली. लांबच्या प्रवासासाठी गाडीत बदल करणाऱ्या आमच्या तरुणांना हा शब्द मी हमखास ऐकवतो. चार जादा दिवे, दोन भोंगे, जड गार्ड, मागे तीन पेट्या. दिव्यांचा भार बॅटरीला पेलत नाही आणि मागच्या वजनाने पुढचं चाक हलकं होऊन हँडल थरथरतं. खरी गरज थोडी असते. बसायला नीट सीट, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या आणि शक्य तितक्या खाली टांगलेल्या पिशव्या, चांगले टायर. घोड्यावर ओझं लादणाऱ्यांनाही हाच नियम पाळावा लागे.

कायदाही इथे आडवा येतो, आणि योग्यच येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. फटाक्यासारखा आवाज काढणारे सायलेन्सर तर सरळ बेकायदा आहेत. ईदच्या रात्री आणि वरातीत आपली काही पोरं असे सायलेन्सर लावून मोहल्ल्यातून फिरतात, तेव्हा आजारी माणूस, तान्हं बाळ, अभ्यासाला बसलेली मुलगी, सगळे दचकतात. यात शौर्य कसलं?

आता बुलेटकडे येतो. ही गाडी मुळात इंग्लंडमधल्या रेडिचची. स्वतंत्र भारताच्या सैन्याला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती आणि त्यांनी बुलेट निवडली. १९५५ मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू केली. पुढे १९७० मध्ये इंग्लंडमधलं उत्पादन बंद पडलं, मद्रासचं चालू राहिलं. १९६१ पासून म्हैसूरला मुंबईच्या इराणी कुटुंबाच्या पुढाकाराने जावा गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून त्यांचं नाव 'येझदी' झालं, ते इराणमधल्या यझ्द शहरावरून. राजदूत, जावा आणि बुलेट या तिन्ही गाड्यांचं एक वैशिष्ट्य होतं. त्या सतत काहीतरी मागत. पॉइंट साफ करा, टॅपेट सेट करा, साखळी ओढा. कंपनीचं वर्कशॉप दूरच्या शहरात, आणि गाडी बंद पडलेली शहाद्याच्या अलीकडे. या अंतरातून गावोगावचा मिस्त्री तयार झाला. त्याला ना कंपनीने शिकवलं ना सरकारने. उस्तादाच्या हाताखाली शागीर्द म्हणून पाना पुसत, डिझेलमध्ये पार्ट धूत तो शिकला.

'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला आणि त्याचा अर्थ उस्ताद. 'मास्तर' आला इंग्रजीतून. दोघांचं मूळ मात्र एकच, लॅटिन 'माजिस्तेर'. म्हणजे माझा आणि मिस्त्रीचा हुद्दा भाषेच्या हिशोबाने सख्ख्या भावांचा आहे. 'अवजार' हे अरबी 'विज्र'चं अनेकवचन, आणि विज्र म्हणजे ओझं. हे ओझं आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उचललं आहे.

आता पंक्चरच घ्या. हवेचा टायर १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी बनवला. त्याआधी १८४० च्या दशकातच रॉबर्ट थॉमसनने ही कल्पना पेटंट केली होती. हवा आली तसं पंक्चरही आलं. खानदेशातल्या रस्त्यांवर बाभळीचा काटा हा कायमचा सोबती. ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे दिसले, कानशीने घासून पॅच बसवला. हे कुणीही शिकेल. चांगला कारागीर त्यानंतर टायरच्या आतून सावकाश बोट फिरवतो, कारण तुटलेलं काट्याचं टोक रबरात रुतून राहिलेलं असतं. ते काढलं नाही तर दहा किलोमीटरवर तीच ट्यूब पुन्हा बसते. मग तो रिमच्या आतली पट्टी बघतो, आऱ्याचं टोक वर आलंय का बघतो. घाटात पुढचा टायर अचानक बसला तर काय होतं हे त्याला ठाऊक असतं. आपण त्याला थोडे रुपये देतो आणि त्यावर आपला जीव सोपवून निघतो.

माझी गाडी मी स्वतः सांभाळतो, तेही शिकलो एका मिस्त्रीकडूनच. पाचशे किलोमीटरला साखळीला तेल. साखळीचं खेळणं साधारण २५ ते ३० मिलिमीटर, त्याहून घट्ट केली तर बेअरिंग खाते. इंजिन ऑइल बघताना गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं, कारण ते हवेतली ओल शोषतं आणि तोरणमाळ उतरताना तापून ब्रेक ढिले पडतात. पिशवीत क्लच केबल, एक स्पार्क प्लग, एक ट्यूब. त्याचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: "सर, पहले सुनो, फिर खोलो." अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांतही निरीक्षण आधी आणि निष्कर्ष नंतर असंच लिहिलेलं असतं.

मग हे ज्ञान आपण इल्म का मानत नाही? मला याचं एक कारण दिसतं, ते लिहिलेलं नाही. घोड्याचं ज्ञान लिहिलं गेलं होतं. शालिहोत्राच्या संस्कृत परंपरेचे फारसीत तर्जुमे झाले, त्यावरूनच घोड्याच्या वैद्याला 'सलोत्री' म्हणू लागले. फारसीत फरसनामे लिहिले गेले. उर्दूतला शायर सआदत यार खान 'रंगीन' आज रेख्तीसाठी आठवला जातो, पण त्याने घोड्यावर 'फरसनामा' लिहिला. घोड्याची पारख आणि इलाज यांवर लिहिताना त्याला कमीपणा वाटला नाही. पुढे १९११ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. आपल्या मिस्त्रीचं ज्ञान मात्र उर्दूत नाही, मराठीतही नाही. उस्ताद गेला की त्याच्याबरोबर जातं.

आणि वेळ थोडा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळपास गेला. आता बिघाड शोधायला कानाबरोबर स्कॅनर लागतो, आणि पुष्कळदा तो फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे असतो. त्याच साली विजेवर चालणारी चेतक आली. घोड्याचंच नाव, पण तिला ना प्लग ना टॅपेट. मोटार आली तेव्हा बहुतेक नालबंदांचा धंदा बसला. ज्यांच्या मुलांच्या हाती वेळीच पाना आला ते तरले. आज मिस्त्रीची मुलं त्याच वळणावर उभी आहेत. त्यांना 'हे काम सोड, शिक' एवढंच सांगणं अपुरं आहे. 'हे कामच पुढे शीक' असंही कुणीतरी सांगायला हवं. आयटीआय आहे. हाताने शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी पूर्वज्ञान-मान्यतेची सरकारी योजना आहे. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, संकेतस्थळ काढलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन स्कॅनर घेणं हे मशिदीच्या बैठकीत बोलण्यासारखं काम आहे.

मी वर्गात एक छोटा उपक्रम करतो. मुलांना गॅरेजमध्ये पाठवतो, अवजारांची आणि बिघाडांची नावं विचारून उर्दू आणि मराठीत लिहून आणायला सांगतो. ज्याच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे आणि जो पालकांच्या व्यवसायाच्या रकान्यात नुसतं 'बिझनेस' लिहायचा, त्या मुलाची यादी सगळ्यांत लांब निघाली. त्याने ती फळ्यावर लिहिली आणि वर्गाने वहीत उतरवून घेतली. तुमच्या गावातही एखादा जुना मिस्त्री असेल. पुढच्या वेळी गाडी त्याच्याकडे नेताना सोबत वही न्या, आणि तो काय ऐकतो, काय चाचपतो, काय म्हणतो ते लिहून ठेवा.