ईस्टरच्या सुट्टीतला चषक

श्रोतेहो, व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात एखाद्या संपाचा किंवा कायद्याचा इतिहास असावा. आम्ही विषय कळविला तो फुटबॉलच्या स्पर्धेचा. त्यावर चालकांनी पुन्हा माणूस पाठवून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. नववीत शाळा सोडलेल्या आणि कधी इंग्लंड न पाहिलेल्या युनियनवाल्याने तिकडच्या खेळावर बोलावे, हे जरा विचित्रच. पण ज्याचे बालपण कोल्हापूरच्या पेठेत गेले त्याला फुटबॉल परका नसतो. आमच्याकडे हा खेळ तालमींनी वाढविला. शिवाय आज सांगावयाची गोष्ट मुळात सुट्टीची, बुडालेल्या रोजाची आणि गहाणवटीची आहे. तो तर आमचा रोजचाच विषय.

प्रथम सुट्टी. इंग्लंडात १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील बायका व मुले ह्यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबविणे भाग पडले, आणि त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्यामुळे पुरुषही सुटले. शनिवारी दुपारी तीनला फुटबॉलचा सामना लागण्याची तिकडे जी वहिवाट पडली, तिचे मूळ ह्या दोनच्या भोंग्यात आहे. पुढे १८७१ साली सर जॉन लबक नावाच्या पेढीवाल्या सभासदाने पार्लमेंटात कायदा करून घेतला आणि ईस्टरचा सोमवार सुट्टीचा झाला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची मागणी लावून धरली, तेव्हा कोठे १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी मैदानावर धावणाऱ्या पोरांना लोखंडे कोण हे ठाऊक नसते. असो.

त्याच १८९० साली टॉमस लिप्टन नावाचा व्यापारी सिलोनात चहाचे मळे विकत घेत होता. ग्लासगोच्या गरीब घरात जन्मलेला हा माणूस. शाळा लवकर सुटली, पोरवयात अमेरिकेत जाऊन मजुरी केली, आणि परत येऊन १८७१ साली वाणसामानाचे पहिले दुकान काढले. पुढे त्याने दुकानांची रांगच लावली आणि मधले दलाल वगळून चहा मळ्यावरून थेट दुकानात आणला. जाहिरात कशी करावी हे त्याच्याकडून शिकावे. १८९७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवात लंडनच्या गरिबांना जेवण घालण्यासाठी त्याने २५,००० पौंड दिले. पुढच्या वर्षी तो 'सर' झाला. खेळांना चषक देण्याचा त्याला छंद होता. १९०५ पासून अर्जेंटिना आणि उरुग्वे ह्यांच्यातल्या सामन्यांसाठीही त्याने चषक दिला, आणि त्या त्या देशात जन्मलेलेच खेळाडू खेळावेत अशी अट घातली. स्वतः मात्र अमेरिकेचा शिडाच्या बोटींचा चषक मिळविण्यासाठी तो पाच वेळा उतरला आणि पाचही वेळा हरला.

माणूस उदार होता, हे आम्ही नाकारीत नाही. पण चहाच्या मळ्यावर पाने खुडणारी बाई कोण होती? तमिळ मुलखातून कंगाणीने आणलेली. कंगाणी म्हणजे आपल्या ऊसतोडीचा मुकादम समजा. उचल आधी, कर्ज मागाहून, आणि कर्ज फिटल्याची चिठ्ठी हातात असल्याशिवाय दुसऱ्या मळ्यावर काम नाही. ही चिठ्ठीची पद्धत १९२१ साली बंद झाली. म्हणजे आम्ही ज्या चषकाविषयी बोलतो आहोत तो दिला गेला, तेव्हा ती जोरात चालू होती.

आता तो चषक. १९०९ साली इटलीतल्या तुरिन शहरी ईस्टरच्या सुट्टीत चार देशांतल्या निमंत्रित संघांची स्पर्धा ठरली आणि बक्षिसाचा चषक सर टॉमस लिप्टनचा. जर्मनीतून स्टुटगार्टचा संघ आला, स्वित्झर्लंडातून विंटरथूरचा, आणि यजमानांनी तुरिनच्या क्लबांतले निवडक खेळाडू एकत्र करून आपला संघ उभा केला. राहता राहिले इंग्लंड. तिथल्या फुटबॉल असोसिएशनने संघ पाठविण्यास नकार दिला. खेळ आम्ही जगाला शिकविला, आता परक्यांच्या निमंत्रणावर कशाला जावे, असा तेव्हा तिकडे ताठा होताच.

मग इंग्लंडच्या नावाने गेले ते वेस्ट ऑकलंड. न्यूझीलंडच्या ऑकलंडशी घोटाळा करू नये. हे उत्तर इंग्लंडातील डरहॅम परगण्याचे कोळशाचे गाव. संघ हौशी, खेळाडू बहुतेक खाणकामगार. डरहॅमच्या खाणवाल्यांची संघटना १८६९ पासूनची, आणि १८७१ पासून त्यांचा वार्षिक मेळावा भरू लागला होता. बँडबाजा आणि निशाणे घेऊन सारा परगणा लोटे. पण पगारी रजा ही चीज त्यांना माहीत नव्हती. ब्रिटनमध्ये तिचा कायदा १९३८ चा. ईस्टरचे एकदोन दिवस सुट्टीचे खरे, परंतु आगगाडी, बोट आणि पुन्हा आगगाडी करून तुरिनला पोचावयाचे व परतावयाचे म्हणजे बाकीचे दिवस खाडेच. काहींनी घरातल्या वस्तू विकून वाटखर्च उभा केला, असे त्या गावात सांगतात. ज्याने महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात घर चालविले आहे, त्याला हे खोटे वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण फुटबॉलच्या पुस्तकांत ती ह्या सामन्यांशेजारी छापलेली नसते. १६ फेब्रुवारी १९०९ रोजी ह्याच डरहॅम परगण्यातील वेस्ट स्टॅन्लीच्या खाणीत स्फोट झाला आणि १६८ माणसे व पोरे मेली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत हे खेळाडू तुरिनच्या उजेडात मैदानावर उतरले.

११ एप्रिल, ईस्टरचा रविवार. वेस्ट ऑकलंडने स्टुटगार्टला २–० असे हरविले. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना विंटरथूरशी, तोही २–०. चषक घेऊन मंडळी घरी आली. १९११ च्या ईस्टरला स्पर्धा पुन्हा भरली, ते पुन्हा गेले, झुरिकच्या संघाला २–० हरविले, आणि १७ एप्रिलच्या अंतिम सामन्यात समोर होता युव्हेंटस. आज जगातल्या धनाढ्य क्लबांत ज्याची गणना होते तोच. निकाल ६–१, खाणकामगारांच्या बाजूने. दोनदा जिंकल्यामुळे चषक कायमचा त्यांचा झाला.

ह्या स्पर्धेला काही लोक पहिला विश्वचषक म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. चार क्लबांनी सुट्टीत खेळलेले ते सामने. खरा विश्वचषक १९३० साली उरुग्वेत झाला. शिवाय १९०८ सालीही तुरिनमध्ये परदेशी संघांची एक स्पर्धा झालेली होती. जे मोठे आहे त्याला खोट्या मोठेपणाची गरज नाही.

दुसरी एक आख्यायिका मात्र आम्हांला बोचते. म्हणतात, निमंत्रण वुलिच आर्सेनलला द्यावयाचे होते. इंग्रजी आद्याक्षरे दोन्ही क्लबांची एकच, त्यामुळे कारकुनाने घोटाळा केला आणि पत्र वेस्ट ऑकलंडला गेले. ह्याला कसलाही पुरावा नाही. वुलिच आर्सेनल हा तेव्हा धंदेवाईक क्लब, लीगच्या पहिल्या वर्गातला. ईस्टरच्या दिवसांत लीगचे सामने लागोपाठ असत आणि गल्ल्याचे दिवस तेच. ते टाकून असा क्लब इटलीला जाईल हे संभवतच नाही. गंमत म्हणजे तो क्लबही १८८६ साली सरकारी शस्त्रकारखान्यातल्या कामगारांनीच काढलेला. १९८२ साली ह्या विजयावर इंग्लंडात टेलिव्हिजनसाठी चित्रपट निघाला, डेनिस वॉटरमन त्यात कप्तान झाला होता. त्यानंतर ही आख्यायिका अधिकच फिरली. इकडे त्याच वर्षी मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे थांबले होते.

ती टिकते कशामुळे, ह्याचा आम्हांला थोडा अनुभव आहे. उमेदीच्या काळात एका कारखान्यातल्या आमच्या सहा जणांनी पगारवाढीच्या कराराचा मसुदा रात्री जागून स्वतः लिहिला. त्यात तीन हिशेब असे होते की व्यवस्थापकांना खोडता येईनात. त्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारले, 'वकील कोण तुमचा?' आम्ही म्हटले, वकील नाही. त्यांनी मान हलविली, पण विश्वास ठेवला नाही. खाणीतल्या माणसाला कोणी त्याच्या नावाने बोलावले, हेही असेच पचत नाही. त्यापेक्षा कारकुनाची चूक सोपी पडते.

पुढची हकिगत दुःखाची आहे. दौऱ्यांच्या खर्चाने क्लब कर्जात बुडाला आणि पैसे उभे करण्यासाठी ४० पौंडांवर तो चषक गावातल्या व्हीटशीफ हॉटेलच्या मालकिणीकडे गहाण पडला. लिप्टन १९३१ साली वारला, दोन महायुद्धे होऊन गेली, चषक तिच्याकडेच. सोडविला तो १९६० साली, १०० पौंड देऊन. आपल्यापैकी कितीजणांच्या घरात एखादी पाटली अशी सावकाराकडे राहिली असेल! पुढच्याच वर्षी, १९६१ ला, वेस्ट ऑकलंडचा संघ त्या फुटबॉल असोसिएशनच्याच हौशी चषकाच्या अंतिम सामन्यासाठी वेम्ब्लीवर उतरला. वाल्थमस्टो ॲव्हेन्यूने त्यांना २–१ हरविले. पण उतरला.

सोडवून आणलेला चषक गावातल्या कामगारांच्या क्लबात ठेवला होता. १९९३ साली डरहॅमच्या पट्ट्यातील शेवटची मोठी खाण बंद पडली, आणि १९९४ च्या जानेवारीत चोरांनी चषक पळविला. त्याच्याबरहुकूम नवा घडवून घ्यावा लागला. २०१३ साली गावच्या हिरवळीवर ह्या दोन विजयांचे स्मारकशिल्प उभे राहिले.