18 पेन्सची कवटी

हेडफोन लावलेत ना? आज आपण दक्षिण अमेरिकेत जातोय, उरुग्वेमध्ये.

साल 1833, नोव्हेंबर महिना. 24 वर्षांचा चार्ल्स डार्विन घोड्यावरून फिरतोय. त्याला कळतं, जवळच्या एका शेतघरात म्हणे राक्षसाची हाडं आहेत. जाऊन बघतो तर काय, एक अवाढव्य कवटी! सापडली तेव्हा ती धड होती. पण पोरांनी दगड मारून तिचे काही दात पाडले, वर नेमबाजीसाठी तीच समोर मांडली. डार्विनने ती विकत घेतली, फक्त 18 पेन्सना.

आता गंमत ऐका. तिथून जवळपास 290 किलोमीटरवर, दुसऱ्याच एका नदीकाठी, डार्विनला तसाच एक अख्खा दात मिळाला. तो या कवटीच्या एका खाचेत बरोब्बर बसला!

लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी 1837 मध्ये या प्राण्याचं नाव ठेवलं टॉक्सोडॉन, म्हणजे धनुष्यासारख्या वाकड्या दातांचा. पण हा नेमका कोणाच्या घरातला? अंग गेंड्यासारखं धिप्पाड, दात कुरतडणाऱ्या प्राण्यांसारखे, आणि डोळे-नाकपुड्यांची ठेवण बघावी तर समुद्रगायीची आठवण येणारी. कोणत्याच खणात नीट बसेना.

त्याचं कारण भूगोलात आहे. दक्षिण अमेरिका कोट्यवधी वर्षं बेटासारखी एकटी होती. तिथले खुरवाले प्राणी आपल्याच वाटेने घडत गेले. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस हवामान बदललं, माणूसही तिथे पोचला होता, आणि टॉक्सोडॉन संपला. विचारायला एकही वंशज उरला नाही.

मग उत्तर कसं मिळालं? अर्जेंटिनातल्या जीवाश्मांमधून वापरण्याजोगा डीएनए मिळेना. म्हणून शास्त्रज्ञांनी हाडातलं कोलॅजन तपासलं. हे प्रथिन डीएनएपेक्षा जास्त काळ टिकतं. 2015 मध्ये 'नेचर'मध्ये निकाल छापून आला: आज जिवंत असलेल्यांपैकी याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे घोडे, गेंडे आणि टॅपिर.

म्हणजे बघा, डार्विन त्या शेतघरापर्यंत गेला घोड्यावर बसून. ज्याचं कोडं पुढे 180 वर्षं सुटणार नव्हतं, त्या प्राण्याचा दूरचा भाऊबंद बाहेर दारातच उभा होता.