तामारिन तनासुगर्न

तामारिन तनासुगर्न (जन्म: २४ मे १९७७, लॉस एंजेलिस, अमेरिका) ही थायलंडची निवृत्त टेनिस खेळाडू आहे. तिने दुहेरीत जागतिक क्रमवारीत १५वे (सप्टेंबर २००४) आणि एकेरीत १९वे (मे २००२) स्थान गाठले होते. डब्ल्यूटीए स्पर्धांमध्ये तिच्या नावावर दुहेरीची ८ व एकेरीची ४ अजिंक्यपदे आहेत. २०११च्या विंबल्डन स्पर्धेत महिला दुहेरीची उपांत्य फेरी आणि २०१४च्या इंचॉन आशियाई खेळांतील महिला दुहेरीचे सुवर्णपदक या तिच्या दुहेरीतील सर्वांत महत्त्वाच्या कामगिऱ्या मानल्या जातात. या दोन्ही तिने वयाची चौतिशी गाठल्यानंतर केल्या.

थायलंडमध्ये व्यक्तीचा उल्लेख आडनावाने न करता पहिल्या नावाने करण्याची रीत आहे. त्यानुसार या लेखात तिचा उल्लेख तामारिन असा केला आहे. टेनिसवर्तुळात ती ‘टॅमी’ या नावाने ओळखली जाते.

प्रारंभिक जीवन

तामारिनचा जन्म अमेरिकेत झाला असला तरी तिचे बालपण बँकॉकमध्ये गेले. तिला टेनिसचे प्रशिक्षण वडिलांनी दिले. त्या काळी थायलंडमधून व्यावसायिक महिला टेनिसमध्ये टिकून राहिलेल्या खेळाडू फारशा नव्हत्या, त्यामुळे तिच्यासमोर आखलेली अशी वाट नव्हती. १९९५ साली विंबल्डनच्या कुमारी गटात तिने अंतिम फेरी गाठली. तेथे पोलंडच्या अलेक्सांद्रा ओल्शा हिने तिचा पराभव केला. पुढे २००९ साली थायलंडच्याच नोप्पावान लेर्टचीवाकार्न हिने विंबल्डनच्या कुमारी गटाचे अजिंक्यपद मिळवले.

एकेरी

तामारिन उजव्या हाताने खेळत असे आणि बॅकहँड दोन्ही हातांनी मारत असे. तिची उंची सुमारे १६५ सेंमी होती आणि सर्व्हिसमध्ये फारशी ताकद नव्हती. मात्र तिचे फटके सपाट व वेगवान असत आणि चेंडू उसळी घेताच ती लगेच मारत असे. हिरवळीच्या कोर्टवर चेंडू खाली राहतो व घसरत पुढे येतो, तेथे हा खेळ विशेष प्रभावी ठरे. १९९८पासून विंबल्डनची चौथी फेरी तिने अनेकदा गाठली, ती याच बळावर.

अजिंक्यपदासाठी मात्र तिला बरीच वाट पाहावी लागली. २००० साली बर्मिंगहॅममध्ये अंतिम सामन्यात तिला लिसा रेमंडने हरवले. २००१ साली टोकियोत आणि २००२ साली दोहा येथे, अशी दोनदा तिने अंतिम फेरी गाठली व दोन्ही वेळा मोनिका सेलेसकडून पराभव स्वीकारला. अखेर फेब्रुवारी २००३मध्ये हैदराबाद येथे उझबेकिस्तानच्या इरोदा तुल्यागानोव्हाचा ६-४, ६-४ असा पराभव करून तिने पहिले अजिंक्यपद मिळवले. (दोन वर्षांनी हीच स्पर्धा जिंकून सानिया मिर्झाने भारतीय टेनिसमध्ये इतिहास घडवला.)

त्यानंतर तिची क्रमवारी घसरत गेली आणि तिची एकेरीची कारकीर्द उतरणीला लागली, असे मानले जाऊ लागले. २००८च्या जूनमध्ये नेदरलँड्समधील सेर्टोगेनबॉस येथील हिरवळीवरच्या स्पर्धेत ती पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत आली आणि अंतिम सामन्यात दिनारा साफिनाला ७-५, ६-३ असे हरवून विजेती ठरली. त्यानंतर लगेचच झालेल्या विंबल्डन स्पर्धेत तिने दुसरे मानांकन असलेल्या येलेना यांकोविचला ६-३, ६-२ असे नमवले व उपांत्यपूर्व फेरी गाठली. ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या एकेरीत इतकी मजल मारणारी ती पहिली थाई महिला होती. तेथे तिला त्या वर्षीच्या विजेत्या व्हीनस विल्यम्सने हरवले.

सेर्टोगेनबॉसचे अजिंक्यपद तिने २००९मध्ये राखले. शेवटचे एकेरी अजिंक्यपद २०१० साली ओसाका येथे, जपानच्या किमिको दाते-क्रुमविरुद्ध आले. त्या वेळी तामारिन ३३ वर्षांची तर दाते-क्रुम ४० वर्षांची होती.

दुहेरी

दुहेरीतील खेळाडूची कारकीर्द बहुधा एखाद्या कायम जोडीदाराशी बांधलेली असते. तामारिनची तशी नव्हती. मायदेशात तिच्या दर्जाची जोडीदार दीर्घकाळ उपलब्ध नसल्याने तिला परदेशी खेळाडूंबरोबरच उतरावे लागे, आणि तिच्या बहुतेक जोड्या एखाद्या मोसमापुरत्या किंवा काही स्पर्धांपुरत्या जमत. अशा खेळाडूला जोडीदाराच्या सवयी लवकर ओळखाव्या लागतात. जाळ्याजवळ कोण उभे राहणार, मधल्या रेषेवरचा चेंडू कोणी घ्यायचा, दुसऱ्या सर्व्हिसवर जागा कशी बदलायची, हे सारे थोड्याच सरावात ठरवावे लागते. एकेरीत तिचे बलस्थान असलेला सर्व्हिसच्या परतीचा सपाट फटका दुहेरीतही उपयोगी पडे, कारण खाली येणारा वेगवान चेंडू जाळ्याजवळच्या प्रतिस्पर्ध्याला वर उचलावा लागतो.

तिची सर्वाधिक चर्चिली गेलेली जोडी २००३ साली जमली. त्या वेळी १६ वर्षांची असलेली मारिया शारापोव्हा आणि तिच्याहून दहा वर्षांनी मोठी तामारिन यांनी ऑक्टोबरमध्ये टोकियो येथील जपान ओपन व लक्झेंबर्ग येथील स्पर्धा अशी दोन दुहेरी अजिंक्यपदे मिळवली. टोकियोच्या त्याच स्पर्धेत शारापोव्हाने एकेरीतील आपले पहिले डब्ल्यूटीए अजिंक्यपदही पटकावले होते. नऊ महिन्यांनी ती विंबल्डनची विजेती झाली आणि दुहेरी तिच्यासाठी हळूहळू मागे पडली. तामारिनचे दुहेरीतील १५वे स्थान मात्र सप्टेंबर २००४मधले आहे. क्रमवारीत मागील ५२ आठवड्यांचे गुण धरले जातात, त्यामुळे शारापोव्हाबरोबरच्या दोन्ही विजेतेपदांचे गुण तेव्हाही तिच्या खात्यात होते.

थायलंडमधील पट्टाया येथे भरणाऱ्या स्पर्धेत तिने सलग दोन वर्षे दुहेरीचे अजिंक्यपद मिळवले. २००९ साली कझाकस्तानकडून खेळणारी यारोस्लावा श्वेदोव्हा आणि २०१० साली न्यू झीलंडची मरिना एराकोव्हिक तिच्या जोडीदार होत्या. पट्टायात एकत्र जिंकलेल्या तामारिन व श्वेदोव्हा त्याच वर्षीच्या जूनमध्ये सेर्टोगेनबॉसच्या एकेरीच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आल्या. तो सामना तामारिनने ६-३, ७-५ असा जिंकला. दुहेरीतील सोबत आणि एकेरीतील स्पर्धा एकाच वेळी सांभाळणे महिला टेनिसमध्ये नेहमीचेच आहे, पण चारच महिन्यांत दोन्ही अंतिम सामने होणे विरळच.

एराकोव्हिकबरोबरची जोडी त्यामानाने टिकली. २०११च्या विंबल्डनमध्ये या दोघी महिला दुहेरीच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचल्या. तेथे त्यांना जर्मनीची साबिने लिसिकी व ऑस्ट्रेलियाची समांथा स्टोसर यांनी हरवले. त्या वर्षी दुसऱ्या उपांत्य सामन्यात सानिया मिर्झा व येलेना व्हेस्निना खेळत होत्या. एकेरी वा दुहेरी मिळून ग्रँड स्लॅम स्पर्धेत तामारिनची ही सर्वांत पुढची मजल ठरली.

आशियाई खेळ

आशियाई खेळांत एकेरीचे सुवर्णपदक तिला मिळाले नाही. १९९८ साली मायदेशी बँकॉकमध्ये आणि २००२ साली बुसान येथे तिला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. बुसानमधील सुवर्णपदक तुल्यागानोव्हाने मिळवले. हैदराबादचा अंतिम सामना त्यानंतर चारच महिन्यांनी झाला होता.

बारा वर्षांनी, २०१४मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे ३७ वर्षांची तामारिन लक्सिका कुमखुम या तरुण थाई खेळाडूबरोबर दुहेरीत उतरली. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर चायनीज तैपेईच्या चान चिन-वेई व शिए सू-वेई होत्या. शिए ही २०१३ची विंबल्डन दुहेरी विजेती आणि २०१४मध्ये दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत अव्वल स्थानी राहिलेली खेळाडू होती. थाई जोडीने सुवर्णपदक जिंकले. याच प्रकारात सानिया मिर्झा आणि महाराष्ट्रातील बार्शीची प्रार्थना ठोंबरे यांनी भारतासाठी कांस्यपदक मिळवले. कारकिर्दीचा मोठा भाग परदेशी जोडीदारांसह खेळलेल्या तामारिनला हे पदक स्वदेशी जोडीदाराबरोबर मिळाले. लक्सिकाने त्या खेळांत एकेरीचे रौप्यपदकही पटकावले.

राष्ट्रीय संघ आणि निवृत्ती

फेड चषक स्पर्धेत तामारिनने दीर्घकाळ थायलंडचे प्रतिनिधित्व केले. संघ लहान असल्याने अनेकदा एकेरी व दुहेरी अशा दोन्ही सामन्यांचा भार तिच्यावर असे. ऑलिम्पिकमध्येही ती एकाहून अधिक वेळा देशासाठी खेळली. पुरुष एकेरीत क्रमवारीच्या पहिल्या दहांत पोहोचलेला पारादोर्न स्रीचाफन हा तिचा समकालीन. त्याची कारकीर्द मनगटाच्या दुखापतीमुळे लवकर थांबली, तामारिन मात्र त्यानंतरही बरीच वर्षे खेळत राहिली. २०१६ साली, वयाच्या ३९व्या वर्षी तिने व्यावसायिक टेनिसमधून निवृत्ती जाहीर केली.