नवशिक्यांचे व्याकरण : तीन जुने ग्रंथ आणि एक प्रश्न

मातृभाषा बोलणारास व्याकरण शिकण्यापूर्वीच भाषा येत असते. परभाषी विद्यार्थ्याला मात्र पहिले वाक्य जुळवतानाच व्याकरणाची गरज भासते. म्हणून त्याच्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात आधी काय सांगावे, हा प्रश्न मूलभूत ठरतो. आपल्या प्रदेशातील तीन जुन्या व्याकरणांच्या आधारे त्याचा येथे थोडक्यात विचार करू.

पहिला ग्रंथ कोंकणीचा. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स यांनी तो पोर्तुगीज भाषेत लिहिला. त्यांच्या निधनानंतर दियोगो रिबेइरो यांनी घातलेल्या भरीसह तो १६४० मध्ये रायतूर येथे मुद्रित झाला. वाचक होते धर्मोपदेशक. साचा होता लॅटिन व्याकरणाचा.

दुसरा ग्रंथ विल्यम कॅरी यांचा. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकणाऱ्या कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी त्यांनी मराठीचे व्याकरण इंग्रजीत रचले व १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले. त्यास नित्य व्यवहारातील संवाद जोडले होते. नियमाशेजारी बोलण्याचा नमुना असावा, ही दृष्टी त्यात दिसते.

तिसरा ग्रंथ दादोबा पांडुरंगांचा, १८३६ सालचा. तो मराठीत आणि मराठी भाषिकांसाठी लिहिलेला. त्यांचा विद्यार्थी भाषा जाणणारा होता. त्याला हवी होती परिभाषा. शालेय व्याकरणाची पुढील परंपरा याच वाटेने गेली, आणि विभक्तीची संस्कृत चौकट तिच्यात रुजली.

त्या चौकटीत ‘ला’ हा प्रत्यय द्वितीयेत येतो आणि चतुर्थीतही येतो. मराठी मुलास याची अडचण नाही. परभाषी विद्यार्थ्यास मात्र एका रूपाला दोन नावे पाठ करावी लागतात, आणि ज्या ठिकाणी तो खरोखर अडतो, त्याविषयी सारणी मुग्धच राहते. ‘माळ’ व ‘भिंत’ हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आणि अकारान्त. परंतु एकाचे रूप ‘माळेला’, दुसऱ्याचे ‘भिंतीला’. प्रत्यय तोच, बदलते ते सामान्यरूप. त्याची खूण अनेकवचनात सापडते: ‘माळा’ होत असेल तर ‘माळेला’, ‘भिंती’ होत असेल तर ‘भिंतीला’. म्हणून असे नाम लिंगासह व अनेकवचनासह शिकवावे, हा एक नियम विभक्तीच्या सारणीहून नवशिक्यास अधिक उपयोगी आहे.

तीच गोष्ट ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यांची. येथे क्रियापद कर्माच्या लिंगानुसार बदलते. ‘कर्मणी प्रयोग’ ही संज्ञा मागाहून आली तरी चालेल. रूप मात्र पहिल्या काही पाठांतच यावयास हवे.

दादोबांच्या ग्रंथाचे मोल याने उणे होत नाही. परंतु तो ज्यांच्यासाठी लिहिला गेला, त्यांच्यासाठीची मांडणी आज मराठी नव्याने शिकणाऱ्या परभाषी विद्यार्थ्याच्या हाती तशीच देणे न्याय्य नव्हे. व्याकरण कोणत्या भाषेचे, याइतकेच ते कोणासाठी, हेही महत्त्वाचे आहे.