मसोलीला कसं जायचं? : रस्त्याचा पत्ता हे इतिहासाचं साधन

संशोधनाची तयारी करताना साधनं कुठे शोधायची, हा प्रश्न तुम्हाला पडत असेल. आज एक साधं साधन घेऊ : पाहुण्यांना सांगितला जाणारा रस्ता.

मुंबईहून गाडीने डहाणूजवळच्या मसोलीला यायचं असेल, तर तुम्हाला सांगतील : अहमदाबाद हायवे धरा, मनोर सोडा, चारोटी नाक्याला डावीकडे वळा. न वळता सरळ गेलात, तर विवळवेढ्याची महालक्ष्मी, मग तलासरी, मग आच्छाडचा नाका. त्यापुढे गुजरात.

आता हेच वर्णन कागदपत्र म्हणून वाचा. यातला प्रत्येक शब्द एकाच काळातला नाही. हायवेला जुनी माणसं अजून 'आठ नंबर' म्हणतात, पाटीवर मात्र 48 आहे. रेल्वे स्टेशनचं नाव 'डहाणू रोड', कारण ते मूळ गावात नसून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. ही रेल्वे 1860 च्या दशकातली. म्हणजे हायवेच्या आधी पाहुण्याचा पत्ता स्टेशनपासून सुरू व्हायचा.

सगळ्यात फसवा शब्द आहे 'आच्छाडचा नाका'. तिथली राज्याची सीमा 1 मे 1960 ची. त्याआधी उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी झाली, तेव्हा त्याचा मोठा भाग गुजरातला गेला आणि महाराष्ट्रात उरलेल्या गावांचं तलासरी झालं.

याने संशोधनात काय फरक पडतो? वारली आदिवासींचा उठाव घ्या. 23 मे 1945 ला झरीच्या सभेत वेठबिगार न करण्याचा निर्धार झाला. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. आज झरी तलासरी तालुक्यात, पालघर जिल्ह्यात आहे. पण 1945 च्या कागदांत 'तलासरी तालुका' शोधलात तर हाती काही लागणार नाही, कारण तो तेव्हा नव्हताच. शोधायचं 'उंबरगाव तालुका, जिल्हा ठाणे' असं. आणखी मागे, 1882 च्या ठाणे गॅझेटियरकडे गेलात, तर उंबरगाव हा डहाणू तालुक्याचाच पेटा. पालघर जिल्हा तर 1 ऑगस्ट 2014 चा. गाव जागेवरच आहे, पत्ता तेवढा बदलत गेला.

यात धोका असा की रिकामा शोध आपण पुरावा समजतो. 'या भागाबद्दल नोंदी नाहीत' असं एक वाक्य प्रबंधात लिहून टाकतो आणि ज्या माणसांनी वेठ नाकारली ती दुसऱ्यांदा नोंदीबाहेर जातात. विज्ञान शाखेतून आलेल्यांना हे लगेच पटेल : उपकरणाचं कॅलिब्रेशन न करता शून्य रीडिंग आलं, तर ते शून्य मानायचं नसतं.

म्हणून अभिलेखागारात जाण्याआधी एक तक्ता करा. आपल्या गावासमोर तीन रकाने : वर्ष, तालुका, जिल्हा. राज्य बदललं असेल तर चौथा. नावाची वेगवेगळी स्पेलिंगंही त्यातच लिहा. मग गावातल्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारा, 'पूर्वी इथे कसं यायचे?' स्टेशन, नदीचा उतार, बाजाराचा वार, जे सांगतील ते तारखेसह टिपून ठेवा. नकाशात नसलेले रस्ते बहुधा याच उत्तरात सापडतात.