प्रादेशिक सेनेत ड्युटीवर दुखापत झाली तर? मेडिकल बोर्डापासून अपंगत्व पेन्शनपर्यंत सगळी माहिती

स्वारगेट (पुणे) : भोर, सासवड, बारामतीकडून येणारी सकाळची एसटी स्वारगेटला लागली, की उतरणाऱ्यांत एखादा जवान असतो. पाय जरा ओढत चालणारा, पिशवीत एक्स-रे आणि कागदांची फाईल घेतलेला. त्याला जायचं असतं वानवडीच्या कमांड हॉस्पिटलला. स्वारगेटहून शंकरशेठ रस्त्याने गोळीबार मैदान आणि तिथून पुढे वानवडी, एवढाच रस्ता. बोर्डाची वाट मात्र लांब आहे. जवान प्रादेशिक सेनेतला, म्हणजे टेरिटोरियल आर्मीतला असेल, तर ती आणखी अवघड वाटते. काही महिने वर्दीत आणि काही महिने शेतात किंवा नोकरीत असणाऱ्या या जवानांना पडणारा प्रश्न एकच असतो: आपल्याला पेन्शन लागू होते का?

होते. पण त्यासाठी कागद पहिल्या दिवसापासून नीट लागतात.

नियम काय सांगतो?

प्रादेशिक सेना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. पुण्यात मराठा लाइट इन्फंट्रीची १०१ आणि कोल्हापुरात १०९ ही प्रादेशिक सेनेची बटालियन आहे. छत्रपती संभाजीनगरला झाडं लावणारी १३६ पर्यावरण बटालियन आहे. जवान 'एम्बॉडी' झालेला असतो, म्हणजे सेवेवर बोलावलेला असतो, तेव्हा त्याला आर्मी अ‍ॅक्ट लागू होतो. प्रादेशिक सेनेच्या जवानाला पेन्शन देताना सर्वसाधारणपणे नियमित सैन्याचेच नियम लावायचे, असं सेनेच्या पेन्शन नियमावलीत लिहिलेलं आहे. अपंगत्व पेन्शनसाठी किमान इतकी वर्षं नोकरी हवी, अशी अटही नाही.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १७ डिसेंबर २०२१ चा 'पानी राम विरुद्ध युनियन ऑफ इंडिया' हा निकाल महत्त्वाचा आहे. हा जवान आधी नियमित पायदळात होता. २००७ मध्ये तो प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियनमध्ये भरती झाला. २००९ मध्ये रजेवर घरी जाताना अपघात झाला आणि त्याचा पाय कापावा लागला. बोर्डाने ८० टक्के अपंगत्व धरलं आणि ते सेवेशी जोडलेलं असल्याचंही लिहिलं. तरी पेन्शन नाकारली गेली. पर्यावरण बटालियनचा खर्च वेगळ्या मंत्रालयाकडून होतो आणि जवानाने भरतीच्या वेळी तसं लिहून दिलंय, अशी कारणं पुढे आली. न्या. एल. नागेश्वर राव आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही कारणं मान्य केली नाहीत. १ जानेवारी २०१२ पासूनची पेन्शन व्याजासह देण्याचा आदेश झाला. त्यामुळे 'तू टीएचा आहेस, तुला काही मिळत नाही' असं कुणी तोंडी सांगितलं, तर तेवढ्यावर गप्प बसू नये.

दुखापतीच्या दिवशी काय करायचं?

पुढची सगळी केस याच पायरीवर उभी राहते.

• दुखापत लगेच युनिटला कळवा आणि एमआय रूममध्ये नोंद करून घ्या.
• 'आयएएफवाय-२००६' हा इंजुरी रिपोर्टचा फॉर्म भरला जातोय का, ते पाहा. जवान त्या वेळी ड्युटीवर होता की नाही, हे त्यात येतं. दुखापत गंभीर असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीही होते.
• रजेवर जाता-येता अपघात झाला आणि जवळच्या खासगी किंवा सरकारी दवाखान्यात नेलं, तर डिस्चार्ज कार्ड, पोलीस पंचनामा, रजेचा कागद आणि प्रवासाचं वॉरंट किंवा तिकीट जपून ठेवा. घरच्यांनी युनिटला लगेच फोन करावा आणि लेखीही कळवावं.
• सेवेचा काळ संपवून घरी जाताना दुखणं अंगावर काढू नका. डिसएम्बॉडी होण्याआधी ते वैद्यकीय कागदावर आणा. घरी गेल्यावर 'तेव्हाच दुखत होतं' हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

एक फरक लक्षात ठेवा. अधिकृत रजेसाठी युनिटमधून गावी जाणं किंवा परत येणं हा प्रवास सेवेशी जोडला जाऊ शकतो. रजेत गावात स्वतःच्या कामासाठी गाडीवर फिरताना झालेला अपघात मात्र सहसा धरला जात नाही.

बोर्ड काय ठरवतं?

उपचारानंतर जवानाची वैद्यकीय श्रेणी ठरते. तिला 'शेप' म्हणतात. मन, कान, हात-पाय, शारीरिक क्षमता आणि डोळे अशा पाच बाबी त्यात तपासतात. आधी तात्पुरती कमी श्रेणी मिळते, मग पुन्हा तपासणी होते आणि सुधारणा नसेल तर श्रेणी कायम होते. जवानाला सेवेतून कमी करायचं असेल, तर इनव्हॅलिडिंग बोर्ड बसतं. मुदत संपून निवृत्ती असेल, तर रिलीज बोर्ड बसतं.

बोर्ड दोन वेगळ्या गोष्टी लिहितं. अपंगत्व किती टक्के, ही पहिली. ते सेवेमुळे झालं का किंवा सेवेमुळे वाढलं का, ही दुसरी. बरेच जण फक्त टक्के बघतात. दुसऱ्या रकान्यात दोन्हीला 'नाही' असेल, तर ६० टक्के अपंगत्व असूनही पेन्शन अडते.

आजाराच्या बाबतीत २०१३ चा 'धरमवीर सिंग' निकाल उपयोगी पडतो. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि बोर्ड तो सेवेशी जोडत नसेल, तर बोर्डाने कारण लिहायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय.

सही करण्याआधी कागद पूर्ण वाचा. इंग्रजी समजत नसेल तर विचारा. बोर्डाची प्रत मागा. मिळाली नाही, तर माहिती अधिकारात १० रुपये फी भरून अर्ज करता येतो.

पैसे किती?

अपंगत्व २० टक्के किंवा जास्त आणि सेवेशी जोडलेलं असावं लागतं. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. त्याखाली ती त्याच प्रमाणात कमी होते. म्हणजे ४०,००० रुपये पगारावर १०० टक्क्यांना १२,००० आणि ५० टक्क्यांना ६,००० रुपये. महागाई भत्ता वेगळा. इनव्हॅलिड झालेल्या जवानाला सर्व्हिस एलिमेंटही वेगळा मिळतो. त्याचे टक्केही वर नेले जातात: ५० च्या आत असतील तर ५०, ५० ते ७५ असतील तर ७५ आणि त्यापुढे १००.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आलेत. त्यामुळे आपल्या बोर्डाच्या कागदावर कोणते नियम लावलेत, ते आधी बघावं.

नकार आला तर?

नकाराचं पत्र आल्यापासून ६ महिन्यांत पहिलं अपील करायचं असतं. तेही फेटाळलं, तर पुढच्या ६ महिन्यांत दुसरं. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून ६ महिन्यांत तिथे अर्ज करावा लागतो. अपिलाला ६ महिने उत्तरच आलं नाही, तरी न्यायाधिकरणाकडे जाता येतं.

पत्र कपाटात ठेवून वर्षं घालवू नका. उशिरा गेल्यास पेन्शन मिळाली, तरी मागची थकबाकी साधारण अर्जाआधीच्या ३ वर्षांपुरतीच देतात. तसा २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

मदत कुठे?

अपिलाचा मसुदा आणि कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. राज्याचा सैनिक कल्याण विभाग घोरपडीत राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोर आहे. हात-पाय गमावलेल्या जवानांसाठी पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीत पॅराप्लेजिक केंद्र आहे आणि दिव्यांग जवानांना काम शिकवणारी क्वीन मेरी संस्थाही आहे. पेन्शन सुरू झाली, की 'स्पर्श' पोर्टलवर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

'बोर्डात टक्के वाढवून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

फाईलमध्ये हे असू द्या: एम्बॉडीमेंट आणि डिसएम्बॉडीमेंटचे आदेश, इंजुरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा निष्कर्ष, दवाखान्याचे सगळे कागद, बोर्डाची प्रत, नकाराचं पत्र आणि ते ज्या पाकिटातून आलं ते पाकीट. पाकिटावर टपालाची तारीख असते आणि अपिलाची मुदत मोजताना ती कामी येते. सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये काढा आणि घरातल्या एकाच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा.