उपशीर्षकांत न मावलेले संवाद

जपानमध्ये चित्रपटांतील संवादांच्या आधारे बोलके इंग्रजी शिकण्याची जी प्रथा रुजली, तिचे मूळ शाळेत नव्हे, तर चित्रपटगृहाच्या पडद्यावर शोधावे लागते. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभे राहून कथा रंगवणाऱ्या ‘बेंशी’ या निवेदकांचा आवाज बोलपटांपुढे टिकेना. पुढे १९३१ मध्ये ‘मोरोक्को’ हा अमेरिकी चित्रपट जपानी उपशीर्षकांसह, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या अनुवादाच्या ओळींसह, प्रदर्शित झाला आणि मूळ आवाज कायम ठेवून अर्थ वाचायला देण्याची पद्धत तेथे स्थिरावली.

या ओळींसाठी सेकंदाला सुमारे चार अक्षरे असा दंडक होता. पात्र तीन सेकंद बोलले, तर अनुवादकाच्या वाट्याला जेमतेम बारा अक्षरे येत. त्यांत आशय बसे, पण बोलताना घेतलेले आढेवेढे, अर्ध्यावर सोडलेले वाक्य, आर्जवाचा किंवा तुटकपणाचा सूर हे सारे गळून जाई. कानांवर पडलेले आणि डोळ्यांनी वाचलेले यांतील ही तफावत जाणवल्यामुळेच जिज्ञासू प्रेक्षक मूळ संवादांकडे वळला असावा.

शाळेत मात्र ‘याकुदोकु’चे, म्हणजे इंग्रजी वाक्याची फोड करून त्याचे जपानीत रूपांतर करण्याचे, वर्चस्व होते. युद्धोत्तर काळात हिराकावा तादाइची यांनी १ फेब्रुवारी १९४६ पासून रेडिओवर चालवलेल्या इंग्रजी संभाषणाच्या पाठांना घरोघरी मिळालेला प्रतिसाद पाहिला, म्हणजे बोलभाषेची भूक किती मोठी होती हे ध्यानात येते. चित्रपटाचे संपूर्ण संवाद जपानी अनुवादासह छापणारी पुस्तके हीच भूक भागवत होती, आणि या प्रथेच्या इतिहासात त्यांचे मोल कोणत्याही अध्यापनपद्धतीपेक्षा अधिक मानले पाहिजे.

अमेरिकेत १९८० मध्ये बधिर प्रेक्षकांसाठी दूरचित्रवाणीच्या संकेतात दडवलेली उपशीर्षके सुरू झाली. ती पडद्यावर आणण्यासाठी वेगळे उपकरण लागे. जपान आणि अमेरिका यांची प्रक्षेपणपद्धती एकच असल्याने अमेरिकी चित्रफितींतील या इंग्रजी ओळी जपानी विद्यार्थ्यालाही वाचता येऊ लागल्या. १९९६ अखेर बाजारात आलेल्या डीव्हीडीने उपकरणाची ही गरजही संपवली. भाषा बदलणे, तोच प्रसंग पुन्हा लावणे आणि अक्षरे झाकून नुसते ऐकणे हे एका कळीवर आले.

पुढचे वळण न्यायालयात मिळाले. जपानने चित्रपटांच्या स्वामित्वहक्काची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षे केली, परंतु ही दुरुस्ती १ जानेवारी २००४ पासून लागू झाल्याने १९५३ च्या चित्रपटांना ती लागू पडते का, असा वाद उद्भवला. ‘रोमन हॉलिडे’विषयी टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २००६ मध्ये, तर ‘शेन’विषयी सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये मुदत संपल्याचा निर्णय दिला. त्यामुळे असे चित्रपट ५०० येनच्या आसपासच्या तबकड्यांवर विकणे निर्वेध झाले. मात्र स्वस्तात हाती आलेले हे इंग्रजी अर्धशतकापूर्वीचे होते, त्यामुळे ‘रोमन हॉलिडे’मधील राजकन्येच्या तोंडची दरबारी वळणे कोणती आणि आजच्या बोलण्यात चालणारी कोणती, हे सांगण्यासाठी शिक्षकाची गरज उरलीच.